पुणें रेसिडेन्सींतील उसनीं माणसें

पुणें रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचे खंड १९३६ सालापासून निघूं लागले. सर जदुनाथ सरकार व रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई या दोन थोर संशोधकांच्या देखरेखीखालीं झालेल्या या कार्याविषयीं पूर्ण आदर ठेवूनच आम्ही पुढील विवेचन करीत आहों. ज्या संग्रहाच्या आधारावर अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांत न्यून दाखविणें कोणास कृतघ्नपणाचें वाटेल. परंतु ज्या व्याकरणशास्त्रांत आमचें शिक्षण झालें, तेथें वार्तिककारानें सूत्रकाराची गय केली नाहीं, भाष्यकारानें वार्तिककाराची केली नाहीं, आणि तरीही ते तिघे मुनि म्हणून एकत्रच वंदिले जातात. तेव्हां भीड बाजूस ठेवतों.

आमचा आक्षेप खंडांच्या विभागणीसंबंधीं आहे. खुद्द पुण्याच्या कारभाराविषयींचे खंड रेसिडेंटांच्या नांवांनीं पाडलेले आहेत: मॅलेटची वकिलात, पामरची वकिलात, क्लोजची वकिलात, एल्फिन्स्टनची वकिलात. सोयीच्या दृष्टीनें ही रचना ठीक आहे. पण तिच्या योगानें संगमावरील एकाच खुर्चीवर चार गृहस्थ ओळीनें येऊन बसले व चौघेही एकाच मुखानें बोलले, असा समज वाचकाच्या मनांत रुजतो. या खंडांच्या आधारें लिहिलेले लेख चाळले असतां 'इंग्रजांस असें वाटलें', 'इंग्रजांनीं असा डाव टाकला' अशीं वाक्यें पदोपदीं आढळतात. या वाक्यांतील कर्ता कोण? जन्मभर मुलांकडून वाक्यांचें पृथक्करण करून घेतलेल्या माणसास हा प्रश्न टाकून पुढें जाववत नाहीं. पत्र लिहिणारा मनुष्य मूळचा कोणाच्या पदरचा, त्याचा पगार व बढती कोठें, आणि पुण्याचें काम संपल्यावर तो परत जाणार कोठें, हें कळल्याखेरीज त्याच्या पत्राचा अर्थ लावणें म्हणजे अन्वय न लावतां श्लोक सांगणें होय.

कंपनी सरकारानें परराष्ट्रव्यवहारासाठीं कलकत्त्यास निराळें खातें काढलें तें १७८३ सालीं. वॉरन हेस्टिंग्जवरील कामाचा बोजा हलका व्हावा हा त्याचा हेतु होता. खातें निघालें, पण खात्याचा असा स्वतःचा नोकरवर्ग निघाला नाहीं. मुंबई, मद्रास व बंगाल या तीन इलाख्यांच्या मुलकी नोकरींतून अथवा फौजेंतून माणसें मागून घ्यावयाचीं, दरबारोदरबारीं पाठवावयाचीं, व काम झालें कीं परत करावयाचीं, अशी ही व्यवस्था होती. दरबारीं बसलेल्या कप्तानाचें नांव त्याच्या पलटणींत कायम राही, व तेथील सेवाज्येष्ठतेप्रमाणें त्याचा हुद्दा चढत जाई. अशा माणसास आजच्या सरकारी मराठींत प्रतिनियुक्त म्हणतात. आम्हांस 'उसना' हा घरगुती शब्द अधिक नेमका वाटतो, कारण उसन्या वस्तूस आज ना उद्यां धन्याघरीं जावें लागतें.

आतां वर सांगितलेल्या चौघांकडे या दृष्टीनें पाहावें. चार्ल्स मॅलेट मुंबईच्या मुलकी नोकरींतला. विल्यम पामर बंगालच्या फौजेंतला. बॅरी क्लोज मद्रासच्या फौजेंतला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बंगालच्या मुलकी नोकरींतला. चार माणसें, तीन इलाखे, दोन पेशे, आणि लागोपाठच्या दोघांचें मूळ घर एकदांही एक नाहीं. एवढी एक गोष्ट ध्यानांत धरली तरी १७८६ पासून १८१७ पर्यंतच्या पत्रव्यवहारांतील स्वर मधूनमधून कां पालटतो याचा अर्धाअधिक उलगडा होतो.

या घोटाळ्याचें मूळ मात्र खातें निघण्याच्याही आधींचें आहे. १७७५ च्या मार्चांत मुंबईकरांनीं सुरतेस राघोबादादांशीं तह केला. १७७३ च्या कायद्यानें त्यांच्यावर देखरेख करण्याचा अधिकार कलकत्तेकरांस मिळाला होता; त्यांनीं तो तह अमान्य केला व कर्नल अप्टन यास आपल्या वतीनें पुरंदरास पाठविलें. त्यानें १ मार्च १७७६ रोजीं कारभाऱ्यांशीं दुसराच तह केला. अप्टन बंगाल्यांतून आलेला. त्यास ना सुरतेच्या देण्याघेण्याची फिकीर, ना साष्टीसाठीं मुंबईकरांच्या जिवाची होणारी तगमग ठाऊक. तो परत गेला, आणि १७७७ सालीं मुंबईनें आपला मॉस्टिन पुन्हा पुण्यास आणून बसविला. हा मॉस्टिन १७७२ पासून पुण्यांत मुंबईचें काम केलेला, मुंबईच्याच डोळ्यांनीं पाहणारा. राघोबादादांस आश्रय चालूच राहिला. आमच्या इतिहासकारांनीं या सर्व प्रकरणास 'इंग्रजांचा दुटप्पीपणा' हें एक नांव देऊन हात झटकले आहेत. दुटप्पीपणा होताच, पण एका मनुष्याच्या दोन जिभा व दोन घरच्या दोन नोकरांच्या दोन जिभा यांत न्यायशास्त्राच्या दृष्टीनें अंतर आहे. पहिल्यांत कपट सिद्ध होतें, दुसऱ्यांत अव्यवस्था. पुण्याच्या कारभाऱ्यांनीं हें अंतर कितपत ओळखलें होतें, हा शोधाचा एक उत्तम विषय असून तो अद्याप कोणी नीट हातीं घेतलेला दिसत नाहीं.

मॅलेटची नेमणूक ही या अव्यवस्थेवर केलेली मलमपट्टी होती. माणूस मुंबईचा, हुकूम कलकत्त्याचा. सालबाईच्या १७८२ च्या तहास महादजी शिंदे जामीन असल्यामुळें इंग्रजांचा स्वतंत्र वकील पुण्यास बसणें त्यांस रुचणारें नव्हतें; म्हणून त्यांची समजूत घालण्यास मॅलेटला १७८५ सालीं आधीं उत्तरेंत जावें लागलें, व तो पुण्यास पोंचला १७८६ च्या मार्चांत. त्याची पूर्वीची नोकरी खंबायतेची. १७७५ सालीं राघोबादादा पळून खंबायतेस आले असतां त्यांस तेथून पार करण्यांत याचेंच अंग होतें. ज्या दरबारानें राघोबादादांस घालविलें त्याच दरबारीं हा वकील म्हणून यावा, यांत नानांच्या मनाला काय वाटलें असेल तें असो. अकरा वर्षें त्यानें काम निभावलें व १ जून १७९० चा टिपूविरुद्धचा तह घडवून आणला, ही त्याच्या शहाणपणाची पावती होय. जेम्स वेल्स या चितारीस त्यानें आश्रय दिला. आमच्याकडील गंगाराम तांबट याजकडून वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढविलीं. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांनीं त्याचें नांव कृतज्ञतेनें घ्यावें, इतकें त्याचें ऋण खास आहे.

पामरविषयीं आम्ही थोडें अधिक लिहिणार, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे. हा हेस्टिंग्जच्या हाताखालीं तयार झालेला, लखनौ व शिंद्यांची छावणी पाहिलेला, घरांत मुसलमान बेगम असलेला जुन्या वळणाचा गृहस्थ. आमचे लेखक त्यास 'मवाळ' म्हणून सोडून देतात. त्याचीं पत्रें वाचावीं: १८०० च्या मार्चांत नाना वारल्यावर मराठी राज्याच्या शहाणपणाची अखेर त्यानें ज्या नेमकेपणानें हेरली, तितक्या नेमकेपणानें त्या वेळीं पुण्यांतल्या फार थोड्यांनीं हेरली असेल. पण त्याचा जो धनी होता तो हेस्टिंग्ज विलायतेस जाऊन खटल्याच्या चक्रांतून बाहेर पडून स्वस्थ बसला होता, आणि नवा गव्हर्नर-जनरल वेलस्ली यास जुन्या घरचीं उसनीं भांडीं नको होतीं. त्यानें पामरला हालविलें, व अखेर क्लोजला आणविलें.

क्लोज कोठून आला? श्रीरंगपट्टणाहून. १७९९ सालीं टिपू पडल्यावर म्हैसूरच्या नव्या राज्याची घडी बसविली जात असतां हाच तेथें रेसिडेंट होता. तैनाती फौज, तिच्या खर्चास मुलूख तोडून देणें, परराज्यांशीं परभारें बोलण्यास मनाई, हा सारा संसार त्यानें तेथें आपल्या हातांनीं मांडलेला पाहिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस जो तह झाला त्याच्या कलमांवर आमच्यांत पुष्कळ चर्चा झाली आहे, व बाजीरावसाहेबांवर पुष्कळ आसूड ओढले गेले आहेत. परंतु तहाचा मसुदा घेऊन समोर बसलेला मनुष्य मद्रासच्या फौजेंतून उसना आणलेला होता व त्याच्या अंगरख्याच्या खिशांत, लक्षणेनें बोलावयाचें तर, म्हैसूर होतें, याचा विचार झालेला नाहीं. धोरण वेलस्लीचें हें आम्ही मान्य करितों. पण धोरण अंमलांत आणण्याचें त्याचें साधन हें होतें: ज्या घरांत तो धडा आधीं गिरविला गेला होता, त्या घरचा माणूस मागून आणणें. आणि उसन्या माणसावर धन्याचा हक्क कसा राहतो, तें क्लोजच्याच बाबतींत पुढें दिसून आलें. १८०९ सालीं मद्रास फौजेच्या गोऱ्या अंमलदारांनीं आपल्याच सरकाराविरुद्ध बंड केलें, तेव्हां हैदराबादच्या तैनाती फौजेस ताळ्यावर आणण्यास पुण्याच्या रेसिडेंटाला धाडण्यांत आलें. कारण तो त्यांच्यांतला.

एल्फिन्स्टनची गोष्ट निराळी. त्यानें पुण्यास क्लोजच्या हाताखालीं उमेदवारी केली, १८०३ मध्यें आसई व आडगांव येथें तो जनरल वेलस्लीच्या सोबत होता, मग नागपूर, मग काबूलची वकिलात, आणि १८११ सालीं पुन्हा पुणें. कागदोपत्रीं तो बंगालचा मुलकी नोकर. वस्तुतः त्याची उमेदीचीं सारीं वर्षें परदरबारीं गेलेलीं. जो कायमचा उसना तो उसना राहत नाहीं. तो या खात्याचा पहिल्या प्रतीचा स्वकीय माणूस बनला. म्हणूनच पूर्वीच्या तिघांहून तो अधिक धोकादायक ठरला. त्याच्या पत्रांत मुंबईचा, मद्रासचा किंवा पलटणीचा वास येत नाहीं. तेथें खात्याचीच भाषा आहे, थंड व पूर्ण.

या ठिकाणीं कौटिल्याचें स्मरण होणें आमच्या वयाच्या व शिक्षणाच्या माणसास स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत दूतांचे तीन वर्ग सांगितले आहेत: अमात्याचे सारे गुण असलेला तो निसृष्टार्थ, चतुर्थांश कमी असलेला परिमितार्थ, अर्धेच असलेला शासनहर. पांचव्या अधिकरणांत त्यांचें वेतनही आहे, आणि तें योजनांच्या हिशेबानें: मध्यम दूतास योजनेस दहा पण, व दहा योजनांपुढें शंभर योजनांपर्यंत दुप्पट. गुण मोजले, अंतर मोजलें. पण दूत मूळचा कोणत्या घरचा, ही गोष्ट या मोजमापांत नाहीं. शास्त्रकारास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्यापुढें राजा एक व अमात्यमंडळ एक, असें चित्र होतें. तीन इलाख्यांतून तीन तऱ्हेचे अमात्य उसने आणणारें व्यापाऱ्यांचें राज्य त्याच्या स्वप्नांतही आलें नसेल. तथापि आमच्यांतील जे विद्वान् रेसिडेंटांस सरसकट निसृष्टार्थ म्हणून मोकळे होतात, त्यांनीं अप्टनला कोणत्या वर्गांत घालावयाचें तें सांगावें.

गोऱ्या माणसांचें एवढें झालें. परंतु रेसिडेन्सी म्हणजे केवळ रेसिडेंट नव्हे. फारसी वाचणारे मुनशी, मोडी वाचणारे कारकून, बातमीदार, हरकारे, वैद्य, आणि दरबार व संगम यांच्यामध्यें येजा करणारा देशी मध्यस्थ, यांच्यावांचून त्या घराचा एक दिवस चालला नसता. या वर्गाच्या निष्ठेचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण यांस परत जावयाचें घर पुण्यांतच होतें.

खुश्रुशेट मोदी याचें प्रकरण सर्वांस माहीत आहे. हा पारशी गृहस्थ क्लोजच्या वेळेपासून रेसिडेन्सीचा मध्यस्थ. बाजीरावसाहेबांनीं त्यास कर्नाटकची सरसुभेदारी दिली, आणि त्यानें ती घेतली. एकाच माणसाच्या एका खांद्यावर कंपनीचें काम व दुसऱ्यावर पेशव्यांचा सुभा. एल्फिन्स्टननें त्यास दोहोंपैकीं एक पत्करण्यास सांगितलें. त्यानें सरसुभा सोडला, व तो त्रिंबकजी डेंगळ्याकडे गेला. १८१५ च्या आरंभीं मोदी विषानें मेला. विष त्यानें घेतलें कीं त्यास घातलें याचा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, दोन धन्यांची चाकरी हा मोदीच्या बाबतींत अपराध ठरला, आणि ज्या खात्यानें तो ठरविला त्या खात्याचा प्रत्येक साहेब दोन धन्यांच्या वहींत नांव राखून होता. पेशव्यांनीं यांतली मेख ओळखली असावी. नाहीं तर रेसिडेन्सीच्या माणसास सुभा देण्याचें त्यांस प्रयोजन काय?

आणि याहून गंभीर प्रकरण गंगाधरशास्त्री पटवर्धनांचें. शास्त्रीबोवा पूर्वीं पुण्याकडे फडक्यांच्या आश्रयास होते. पुढें बडोद्यास मेजर वॉकरच्या रेसिडेन्सींत देशी मध्यस्थ झाले, तेथून गायकवाडांचे मुतालिक झाले, आणि १८१४ सालीं गायकवाड व पेशवे यांच्यामधील जुन्या हिशेबाचा व अहमदाबादच्या इजाऱ्याचा तंटा मिटविण्यास इंग्रजांची हमी घेऊन पुण्यास आले. पुण्यास आल्यावर बाजीरावसाहेबांनीं त्यांस आपली दिवाणगिरी देऊं केली व आपली मेहुणी त्यांच्या मुलास देण्याचें बोलणें लावलें. तें लग्न शास्त्र्यांनीं पुढें मोडलें. १८१५ च्या जुलैंत पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्रिंबकजीवर आरोप आला, सप्टेंबरांत त्यास इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें, ठाण्याच्या किल्ल्यांतून तो वर्षभरानें पळाला, आणि तेथून १३ जून १८१७ चा पुण्याचा तह व ५ नोव्हेंबरची खडकीची लढाई हीं एकामागून एक आलीं.

या खुनावर लिहितांना आमच्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दूत अवध्य असतां दूताचा वध झाला, तेव्हां राज्य गेलें तें योग्यच झालें. दुसरा म्हणतो, शास्त्री कंपनीचा हस्तक होता, दूत नव्हताच. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात कीं शास्त्री कोणा एकाचे होते. वस्तुतः ते एका वेळीं तिघांचे होते. गायकवाडांचे ते मुखत्यार वकील. कंपनीचे ते जुने नोकर व आतां हमींतले. आणि पेशव्यांच्या दृष्टीनें ते आपल्याच राज्यांत वाढलेले, आपलें दिवाणपद व सोयरीक नाकारून आपल्या मुखावर हिशेब मांडणारे ब्राह्मण. प्रत्येकानें त्यांस आपल्या वहींतल्या नांवानें ओळखलें, व प्रत्येकाचा राग अथवा दावा त्या त्या नांवास चिकटला. खून तो खूनच. त्याचें समर्थन कोणत्याही वहींत बसत नाहीं. परंतु पेशवाईच्या शेवटच्या दोन वर्षांचें विवेचन ज्या प्रश्नावर अडतें तो प्रश्न 'शास्त्री भला कीं बुरा' हा नसून 'शास्त्री कोणाचे' हा आहे. आणि त्याचें उत्तर चरित्रांत सांपडणार नाहीं, नेमणुकांच्या व पगाराच्या कागदांत सांपडेल.

कोणी म्हणेल, उसनवारीचा हा रोग इंग्रजांचा. आमचे वकील घरचे होते. घरचे होते खरे. नाशिकचे तीर्थोपाध्याय महादेवभट हिंगणे दिल्लीस गेले, व त्यांच्यामागें बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनीं तीच वकिली चालविली. मंडळाच्या ग. ह. खरे यांनीं संपादिलेलें हिंगणे दप्तर ज्यांनीं वाचलें असेल त्यांस हें सांगणें नको. येथें परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. वकिली हेंच वतन झालें होतें. त्यामुळें दिल्लीची खडान्खडा माहिती आमच्या पदरीं पडली, जी कोणत्याही तीन वर्षांच्या पाहुण्यास मिळाली नसती. पण वतनाबरोबर वतनाचीं भांडणेंही आलीं. हिंगणे व अंताजी माणकेश्वर यांचा दिल्लींतला कलह, एकमेकांच्या हिशेबांविषयींच्या तक्रारी, हें सारें वाचून कोणाही मराठ्याची मान खालीं जाईल. हैदराबादेस गोविंदराव काळे व गोविंदराव पिंगळे हे दोघे एकाच दरबारीं वावरत; ही योजना नुसती कामाच्या वांटणीसाठीं नसून एकावर दुसऱ्याचा डोळा राहावा म्हणूनही असावी, असा आमचा तर्क आहे.

नागपूरकरांचे कलकत्त्याचे वकील बेनीराम पंडित यांचें उदाहरण तर सर्वांत बोलकें. १७८० मध्यें पेशवे, निजाम, हैदर व भोसले या चौघांनीं इंग्रजांविरुद्ध एकजूट केली. १७८१ मध्यें काशीस चेतसिंगाच्या प्रकरणांत हेस्टिंग्जवर बिकट प्रसंग येऊन तो चुनारच्या किल्ल्यांत शिरला, तेव्हां त्याच्यासोबत बेनीराम व त्यांचे बंधु होते, आणि त्यांनीं त्यास एक लाख रुपये देऊं केले. हेस्टिंग्जनें त्यांस पुढें जहागीर दिली. धनी इंग्रजांचा शत्रु, वकील इंग्रजांचा सावकार! भोसल्यांचें त्या वेळचें राजकारण दुहेरी असल्यामुळें वकिलास सर्वस्वीं दोषी म्हणतां येत नाहीं. पण घरचा माणूस उसना केव्हां होतो हें कळण्यास याहून चांगला दाखला मिळणार नाहीं.

हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा आहे असें कोणी समजूं नये. कंपनी गेली तरी पोलिटिकल खात्याची उसनवारी चालूच राहिली. शेवटच्या काळांत त्या नोकरींत सुमारें दोन तृतीयांश माणसें फौजेंतून व उरलेलीं सनदी नोकरींतून घेण्याची वहिवाट होती. ९ ऑक्टोबर १९४६ रोजीं भारताची स्वतंत्र परराष्ट्र सेवा स्थापण्याचा निर्णय झाला, तेव्हां वरच्या जागा भरण्यास पुन्हा जुन्या सनदी नोकरीकडेच हात पसरावा लागला. स्वातंत्र्यानंतरचे परराष्ट्र-सचिव के. पी. एस. मेनन हे त्याच नोकरींतले. पिल्ले समितीनें १९६६ सालीं या सेवेचा विचार केला. २०१६ सालीं संसदेच्या परराष्ट्रव्यवहार समितीनें, शशी थरूर हे अध्यक्ष असतां, बाहेरच्या माणसांस मधल्या पायरीवर प्रवेश द्यावा कीं काय हा प्रश्न पुन्हा चर्चेस घेतला. बाजूनें व विरुद्ध जें बोललें जातें त्यांत बाहेरच्या माणसाचें ज्ञान व आंतल्या माणसाचा अनुभव यांची तुलनाच पुष्कळ असते. उसना माणूस परत गेल्यावर त्याच्या पत्रांचें वजन काय राहतें, हा मुद्दा कोणी काढीत नाहीं. तो दप्तरें चाळणाऱ्यांनींच काढावयाचा.

पुन्हा आपल्या कामाकडे वळूं. १८१८ नंतर रेसिडेन्सीच्या भोंवतालीं जमलेल्या या उसन्या मंडळीचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. फौजेंतला रॉबर्टसन पुण्याचा कलेक्टर झाला, पॉटिंजर नगरचा, ब्रिग्ज खानदेशचा. चॅपलिन धारवाडकडे गेला. ग्रँट साताऱ्यास छत्रपतींच्या जवळ बसला. परराष्ट्र-खात्याची माणसें रातोरात मुलकी खात्याचीं झालीं, कारण परराष्ट्रच उरलें नव्हतें. साताऱ्याच्या ग्रँटनें, म्हणजेच पुढील ग्रँट डफनें, १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. नीळकंठराव कीर्तन्यांनीं १८६७ मध्यें त्याच्यावर केलेली टीका आमच्या शास्त्राचा आरंभ मानली जाते. ती टीका प्रमाणांवर व मतांवर आहे. मुंबईच्या पलटणींतून उसना आलेला, एल्फिन्स्टनचा मदतनीस, आणि परत पलटणींत जाण्यापेक्षां विलायतेस जाऊन ग्रंथ लिहिणारा हा मनुष्य कोणत्या धन्यास उद्देशून लिहीत होता, हा प्रश्न तिच्यापुढें मांडावयाचा राहिला आहे.

रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचे खंड पुन्हा छापण्याचा योग आल्यास आमची सूचना अशी कीं, प्रत्येक खंडास त्या काळच्या संपूर्ण नोकरवर्गाची एक यादी जोडावी. रेसिडेंटापासून हरकाऱ्यापर्यंत ज्यांचीं नांवें मिळतील त्यांचीं द्यावीं. प्रत्येकापुढें मूळ नोकरी, वेतन देणारा, पुण्यास आल्याचें व गेल्याचें साल, व परत कोठें गेला, इतकेंच लिहावें. संपादकीय प्रस्तावनेचीं वीस पानें कमी झालीं तरी चालतील.

संग्राहकांस विनंती दुसरी आहे. आमच्याकडे राजकारणी पत्र मिळालें कीं तें कांचेंत बसवितात, आणि त्याच रुमालांतले जमाखर्चाचे ताव, तैनातजाबते, शिध्याच्या व पालखीच्या खर्चाच्या यादी रद्दीच्या भावानें जातात. पुण्यांतील ज्या घराण्यांतून रेसिडेन्सीस मुनशी व कारकून गेले, त्या घरांतील असले क्षुल्लक कागद आज राजकारणी पत्रांहून अधिक मोलाचे आहेत. १८१७ सालीं संगमावरची रेसिडेन्सी जळाली व एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह तिच्यांत गेला. साहेबांच्या पत्रांच्या नकला कलकत्त्यास व मुंबईस होत्या म्हणून त्या राहिल्या. कारकुनाच्या कागदाची नक्कल कोण ठेवतो?

राहतां राहिला सूचींतल्या नोंदीचा प्रश्न, जो कित्येक संग्राहकांनीं आम्हांस विचारला आहे. गंगाधरशास्त्र्यांच्या हातचा एखादा मोडी कागद मिळाल्यास तो गायकवाडांच्या सदराखालीं लावावा, कंपनीच्या, कीं पेशव्यांच्या? आमच्या मतें गायकवाड व कंपनी या दोन्ही सदरांखालीं तो नोंदावा, १८१४ नंतरचा असल्यास पेशव्यांच्या सदरांतही त्याचा उल्लेख करावा, आणि त्या महिन्याची तैनात त्यांस कोणाकडून पोंचली तें कळत असल्यास समासांत लिहून ठेवावें.